पाठकोऱ्या कागदांवरची उत्तरं

आबांच्या वहीतला पहिला प्रश्न एसटीचा आहे. ‘पहिली गाडी कधी, कुठून कुठे?’ उत्तर : १ जून १९४८, पुणे ते अहमदनगर. खाली निळ्या शाईच्या दोन रेघा. दुसरा प्रश्न सूर्यमालेचा, तिसरा केशवसुतांचा आणि चौथा, कशाचा कशाशी संबंध नसताना, बिनाका गीतमालेचा. क्रम लावत बसणं आबांच्या स्वभावातच नव्हतं. कानावर पडलं की टिपलं, एवढाच नियम.

आबा म्हणजे माझे थोरले काका. देवगड तालुक्यात एसटीवर कंडक्टर होते. वही म्हणायची ती आमच्या सवयीने, नाहीतर ते वे-बिलाचे पाठकोरे कागद आहेत, दाभणाने शिवलेले आणि वर कॅलेंडरचा पुठ्ठा लावलेला. एका बाजूला छापील रकाने, दुसऱ्या बाजूला जगाचं ज्ञान. वस्तीची गाडी घेऊन गेले की आबांना वेळच वेळ असायचा. शेवटच्या गावात गाडी लागली, ड्रायव्हर जेवून गाडीतच आडवा झाला, की आबा ओळखीच्या घराच्या पडवीत कंदिलाशी वही उघडून बसत. त्या घरात रेडिओ असला तर बुधवारी रात्री आठला गीतमाला. त्यासाठी घरातली पोरं सकाळपासून सेल उन्हात ठेवत. उन्हात ठेवल्याने सेल खरंच चालायचे की आमची समजूत, हा प्रश्न वहीत नाही.

गीतमालेच्या पानावर १९५३ सालापुढे ‘अनारकली’तलं ‘ये जिंदगी उसी की है’ लिहिलंय. लताबाईंचं गाणं, संगीत सी. रामचंद्र. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात : ‘गायक चितळकर आणि संगीतकार सी. रामचंद्र हे एकच.’ हे वाक्य आबा गाडीत हमखास वापरत. कणकवलीला जाणाऱ्या एखाद्या कॉलेजच्या पोराला पकडून, “सांग बघू, चितळकर कोण?” पोराला आलं नाही तर, “मग सुट्टे पैसे तरी दे.” सुट्टे कुणाकडेच नसायचे. पोंभुर्ल्याचं तिकीट मागणाऱ्या माणसाला तर सुटकाच नव्हती. “गावचं नाव घेतोस, मग ‘दर्पण’ कधी निघालं ते सांग!” ६ जानेवारी १८३२. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी विशीच्या आसपास असताना मुंबईत मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र काढलं. एका रकान्यात इंग्रजी, शेजारच्या रकान्यात मराठी. १८४६ मध्ये ते वारले, तेव्हा पस्तिशीही गाठली नव्हती. आबा हे सगळं सांगत तोवर पोंभुर्ल्याचा थांबा मागे पडलेला असे आणि पुढून ड्रायव्हर ओरडत असे.

त्या वहीतलं मला सर्वांत आवडतं ते खोडलेलं. ‘महाराष्ट्रातील जिल्हे किती?’ याच्यापुढे २६ आहे, ते खोडून पुढे आकडे वाढत वाढत ३५ पर्यंत गेलेत. पालघर झाला २०१४ मध्ये. तेव्हा आबा नव्हते, म्हणून ३६ माझ्या हातचा आहे आणि आबांच्या अक्षराशेजारी तो अगदीच पोरकट दिसतो. ‘कुलाबा’ खोडून ‘रायगड’. ‘आपला जिल्हा’ या मथळ्याखाली ‘रत्नागिरी’ खोडून ‘सिंधुदुर्ग, १ मे १९८१’. म्हणजे आबांनी घर सोडलं नाही, आंब्याची चार कलमं सोडली नाहीत आणि एका सकाळी त्यांचा जिल्हा बदलला. खोडताना त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे, पण रेघ पट्टीने मारली आहे.

ग्रह नऊचे आठ झाले २००६ मध्ये. तेव्हा आबा पंच्याहत्तरीच्या पुढचे होते, हात कापायचा. त्यांनी ‘प्लूटो’वर रेघ मारलीच नाही, त्याला कंस घातला. विचारलं तर म्हणाले, “इतकी वर्षां हुतो बिचारो. एकदम नको.”

याच वहीत दोन पानं आहेत, एक पुढे, एक बरंच मागे. पुढच्या पानावर : ‘लोकमान्य टिळकांचा जन्म?’ रत्नागिरी, २३ जुलै १८५६. ‘त्यांना कोठे ठेवले होते?’ मंडाले, ब्रह्मदेश, १९०८ ते १९१४. ‘तेथे लिहिलेला ग्रंथ?’ गीतारहस्य. मागच्या पानावर : ‘ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला कोठे ठेवले होते?’ रत्नागिरी. नाव थिबा.

दोन्ही उत्तरं मला चौथीपासून पाठ होती. सहावीत आमची सहल रत्नागिरीला गेली. सकाळी टिळक आळीतलं जन्मस्थान, दुपारी थिबा पॅलेस. गुरुजींनी दोन्ही ठिकाणी उभं करून एकेक वाक्य सांगितलं, आम्ही एकेक वाक्य लिहून घेतलं आणि मग भाट्याच्या किनाऱ्यावर डबे सोडले. त्या दोन वाक्यांमध्ये एक दोर आहे हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली. थिबाची राजधानी कुठली होती? मंडाले.

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, लढाई काही आठवड्यांतच आटोपली. राजा आणि राणी सुपयालत यांना आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. म्हणजे मंडालेचा धनी रत्नागिरीत आणि पुढे बावीस वर्षांनी रत्नागिरीचा माणूस मंडालेच्या तुरुंगात. सहा वर्षं दोघे एकमेकांच्या गावात कैदी होते. १९१० साली थिबाचा नवा राजवाडा पुरा झाला, लाल, तीन मजली, समोर खाडी आणि समुद्र. त्याच वर्षाच्या हिवाळ्यात मंडालेत टिळक शिसपेन्सिलीने गीतारहस्य लिहीत होते. एक जण दुसऱ्याच्या गावच्या समुद्राकडे बघतोय, दुसरा पहिल्याच्या गावच्या थंडीत कुडकुडतोय. १९१२ मध्ये टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या, ती बातमी त्यांनी मंडालेतच ऐकली. ते सुटून आले, ग्रंथ १९१५ मध्ये छापून निघाला. थिबा मात्र परत गेला नाही. डिसेंबर १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला आणि त्याची कबरही इथेच आहे. त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी रत्नागिरीच्याच मातीत वाढली, मराठीत बोलली, मराठीतच भांडली असणार.

इंग्रजांची ही खोड जुनी. १८५७ नंतर बहादूरशाह जफरला त्यांनी दिल्लीतून उचलून रंगूनला नेलं, तो तिथेच १८६२ मध्ये वारला. हिंदुस्थानचा बादशहा ब्रह्मदेशात, ब्रह्मदेशाचा राजा हिंदुस्थानात. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन थिबाच्या कबरीवर फुलं वाहून गेले. ती बातमी वाचली आणि मी वही काढून दोन्ही पानांच्या कोपऱ्यात एकमेकांचे पानांक लिहिले. वहीला पानांकच नव्हते, ते आधी घालावे लागले. एकशे बारा पानं भरली.

आबांना हे जोडून दाखवायचं राहिलं, याची चुटपूट आहे. पण मग वाटतं, त्यांना माहीतही असेल. वहीत जोडण्याची सोयच नव्हती. प्रश्नाला एक ओळ, उत्तराला एक ओळ. वे-बिलासारखंच : किती चढले, किती उतरले. कोण कुणाला भेटायला चाललं होतं, त्याचा रकाना नाही.

असे योगायोग सापडायला लागले की माणूस जरा चेकाळतो, हे मान्य करतो. केशवसुतांचं पान घ्या. मालगुंड गणपतीपुळ्याच्या शेजारी, जन्म १८६६, तारीख मात्र कुठे १५ मार्च, कुठे ७ ऑक्टोबर. आबांनी दोन्ही लिहून पुढे ‘वाद’ असा शेरा मारलाय. मृत्यूची तारीख पक्की : ७ नोव्हेंबर १९०५, हुबळी, प्लेग. जफरही ७ नोव्हेंबरलाच गेला होता. याला काही अर्थ आहे का? काही नाही. पण त्या दिवशी मी हे घरात तीन जणांना सांगितलं आणि तिघांनीही ‘बरं मग?’ विचारलं.

चित्रपटांच्या पानाचं तसं नाही, तिथे थोडा अर्थ असावा. ‘राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट?’ अत्र्यांचा ‘श्यामची आई’, १९५३ चा. साने गुरुजी पालगडचे, म्हणजे ती आई दापोली तालुक्यातली. त्यानंतर मराठीला तो मान मिळायला ‘श्वास’पर्यंत पन्नास वर्षं जावी लागली आणि त्यातला आजोबा आणि नातू आमच्या कोकणातून शहरातल्या इस्पितळात गेलेले. पुढे ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’, त्यांत समुद्र नाही. मग २०१६ चा ‘कासव’, पुन्हा इथलाच किनारा, अंडी घालून निघून जाणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांचा. पाचांतले तीन कोकणाचे. वहीत पहिलं नाव आबांच्या हातचं, ‘श्वास’ आम्ही दोघांनी मिळून लिहिलं आणि शेवटचे तीन माझे. यातून मी कोकणचा मोठेपणा सिद्ध करतोय असं कुणाला वाटेल, तर वाटू दे. हापूसच्या पानावर मी गप्प बसलो आहे. आंब्याचं नाव गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीजावरून आलं, आम्ही त्याचं हापूस करून टाकलं आणि आता फोड तोंडात घालताना त्या सेनापतीची आठवण कुणालाही येत नाही. ठीकच आहे.

आता विजयदुर्ग.

वहीत हे उत्तर इतर कशाहीपेक्षा ठळक आहे. ‘हेलियम वायूचा शोध कोठे लागला?’ विजयदुर्ग किल्ला, १८ ऑगस्ट १८६८, शास्त्रज्ञ लॉकयर. भोवती चौकट, चौकटीला लाल शाई. खोडाखोड नाही. याच उत्तरावर मला पाचवीत बक्षीस मिळालं होतं, कंपासपेटी. वर्गातल्या सगळ्यांनाच ते येत होतं, मी हात आधी वर केला इतकंच. आमच्या बाजूला पोरगं बोलायला लागलं की आधी ‘आये’ म्हणतं आणि मग ‘हेलियम’. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ आहेत, साहेबाने दुर्बिणी ठेवल्या ते चौथरे. पाहुणे आले की तिथे नेऊन उभं करायचं. दरवर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यात हेलियमची आठवणही काढतात.

गेल्या ऑक्टोबरात गावच्या वाचनालयाने वाचन प्रेरणा दिनाला प्रश्नमंजूषा ठेवली आणि सूत्रसंचालन माझ्या गळ्यात मारलं. प्रश्न छापील आले होते. त्यात हा होता. आपल्या घरचाच प्रश्न म्हणून मी जरा जास्तीचं काही सांगावं या हौसेने वाचायला बसलो आणि रात्री साडेअकराला पार उताणा पडलो.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरं. ते बघायला साहेब लोक हिंदुस्थानात आले तेही खरं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, टेनंटची इंग्रज तुकडीही तिथेच, हर्शेल जमखंडीला. नॉर्मन लॉकयर मात्र तेव्हा इंग्लंडात होता. जान्सेनच्या लक्षात आलं की सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा वर्णपटात इतक्या तेजस्वी दिसतात की ग्रहण नसतानाही त्या बघता येतील. दुसऱ्या दिवशी ग्रहण नसताना त्याने त्या बघितल्याही. इकडे लॉकयरने २० ऑक्टोबरला आपल्या घरच्या दुर्बिणीतून, ग्रहणाविना, तेच केलं. त्याला एक पिवळी रेघ दिसली, सोडियमच्या पिवळ्या जोडरेघेच्या जवळ, पण तिची नव्हे. पृथ्वीवरच्या कुठल्याही द्रव्याशी ती जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली आणि पुढे फ्रान्सने एकाच पदकावर दोघांचे चेहरे कोरले. या पदकाच्या गोष्टीवर आबांनी चार पानं लिहिली असती.

मग ओटे कुणाचे? लॉकयर विजयदुर्गला आला होता, अगदी खरोखर आला होता. पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. तेव्हा तो ‘सर’ झालेला, ‘नेचर’ या नियतकालिकाचा संस्थापक संपादक, साठी उलटलेला. ‘मेल्पॉमिनी’ नावाची इंग्रजी युद्धनौका बरोबर, आणि तिच्यावरचे खलाशी दुर्बिणी मांडायला, कॅमेऱ्याच्या काचा बदलायला, घड्याळाचे ठोके मोजायला हाताशी. दोनेक मिनिटांच्या काळोखासाठी कित्येक दिवसांची तालीम. ओटे बांधायचे ते अशाच तयारीसाठी, आणि विजयदुर्गचे ओटे त्या सालचेच असणार. त्याच्या तीन वर्षं आधी, १८९५ मध्ये, रॅम्झेने प्रयोगशाळेत एका खनिजातून हेलियम काढूनही दाखवला होता. म्हणजे साहेब आमच्या किल्ल्यावर आला तेव्हा हेलियमचं बारसं होऊन तो चांगला घोडा झाला होता.

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. मग वाईट वाटलं याचाच राग आला. कारण १८९८ चं चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. घेरिया म्हणून इंग्रज ज्याला वचकून असत तो आंग्र्यांचा किल्ला. १७५६ मध्ये पेशव्यांशी हातमिळवणी करून वॉटसन आणि क्लाइव्हने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि हाच क्लाइव्ह पुढच्या वर्षी प्लासीला गेला. त्या किल्ल्यात आता इंग्रज खलाशी तोफांऐवजी दुर्बिणी चढवतायत, गिर्ये-रामेश्वरची माणसं वाघोटणच्या खाडीकाठी उभी राहून बघतायत, भर दुपारी अंधार होतोय, कोंबड्या खुराड्यात शिरतायत. कोंबड्यांचं कुठे वाचलेलं नाही, पण त्या शिरल्या असणारच. असलं दृश्य आमच्याकडे असताना आम्ही ‘हेलियम, १८६८’ एवढी चिठ्ठी खिशात घालून सव्वाशे वर्षं हिंडतोय!

स्पर्धेच्या दिवशी भातकापणी चालू होती, तरी माणसं बरी होती. प्रश्न आला. सातवीतल्या मुलींच्या गटाने मी ‘हेलि’ म्हणतोय तोवर ‘विजयदुर्ग!’ ओरडून टाळ्या घेतल्या. मी थांबलो. गुण देऊ की नको? छापील उत्तर ‘विजयदुर्ग’च होतं. म्हटलं, गुण देतो, पण एक सांगतो. आणि माइक हातात असलेल्या माणसासारखा मी पंधरा मिनिटं बोललो. जान्सेन, गुंटूर, पिवळी रेघ, १८९८. मागच्या बाकावरून कुणीतरी चहा आला का विचारलं. पदाधिकारी घड्याळ दाखवत होते. एका मुलीने मात्र हात वर केला. “काका, मग आम्ही परीक्षेत काय लिहायचं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पुढचा प्रश्न घेतला.

तेवढ्यात खुर्च्यांतून एक म्हातारे उठले. तात्या. विजयदुर्गच्या बाजूचे, किल्ल्याच्या वाटेवर कोकम सरबताची टपरी, मोसमात पर्यटकांना किल्लाही दाखवतात. “आमच्या विजयदुर्गाचो हेलियम खंय व्हरतंस रे?” सगळे हसले. तात्या हसले नाहीत. काठी आपटून निघून गेले आणि मला उरलेली स्पर्धा नीट घेता आली नाही.

त्या रात्री वही काढली. लाल चौकट. पट्टी आणि पेन घेऊन बराच वेळ बसलो. आबांनी कुलाबा खोडला होता, स्वतःचा जिल्हा खोडला होता. मी चौकटीच्या खाली लिहिलं : ‘लॉकयर विजयदुर्गला आला – २२ जानेवारी १८९८.’ वरच्या ओळीवर रेघ मारली नाही, कंस घातला. प्लूटोसारखा.

चार दिवसांनी सकाळी तात्या दारात. हातात दोन शहाळी. बसायला सांगितलं तर पडवीच्या पायरीवरच बसले. आधी पावसाचं झालं, मग भाताचं. मग म्हणाले, “तू त्या दिशी साल सांगललंस, तां माका कागदार लिवन दी. आगबोटीचा नावय लिव. लोकांका सांगूक होया.”

मी पाठकोरा कागद घेतला. साल लिहिलं, तारीख लिहिली, साहेबाचं नाव, जहाजाचं नाव मोठ्या अक्षरात.

“आणि हेलियम?” तात्यांनी मान पुढे काढून विचारलं.

“तो इंग्लंडात सापडला, तात्यानू.”

तात्यांनी क्षणभर कागदाकडे बघितलं.

“मगे तां लिवू नको,” ते म्हणाले. “नुसतो साहेब इलो, इतक्यांच लिव.”